फ्रीजमध्ये घट्ट होणारा चॉकलेट बिस्किट केक: बिस्किट सादळू न देता, चॉकलेट न जाळता

आपल्याकडे ‘बिस्किटांचा केक’ म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो कुकरमधला. बिस्किटं मिक्सरला फिरवायची, दूध आणि इनो घालायचं, शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये अर्धा तास ठेवायचं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तो घरोघरी झाला. मी आज ज्याबद्दल लिहिते आहे तो केक वेगळा. याला गॅस थोडाच वेळ लागतो; चॉकलेटचं मिश्रण तर सात-आठ मिनिटांत होतं. बाकी सगळं काम फ्रीज करतो. आत बिस्किटाचे तुकडे अख्खे राहतात, सुरीने कापल्यावर काळ्या चॉकलेटमध्ये फिकट ठिपके दिसतात आणि दाताखाली ते कुरकुरतात.

अंडं नाही, मैदा चाळणं नाही, ‘फुगला का?’ म्हणून झाकण उघडून बघणं नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन करता येतो. तरी तो अनेकदा बिघडतो, आणि कारणं जवळजवळ नेहमी दोनच असतात: बिस्किट मऊ पडणं, नाहीतर केक घट्टच न होणं. म्हणून त्या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिणार आहे. सजावटीचं थोडक्यात आटोपते.

हा केक मुळात कुठला

एकाच गावाचा म्हणता येणार नाही. इटली आणि पोर्तुगालमध्ये हेच मिश्रण गुंडाळीसारखं वळून सलामी या मांसाच्या सॉसेजच्या चकत्यांसारखं कापतात. तुर्कस्तानात त्याला मोझाइक केक म्हणतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये रिच टी बिस्किटं घालून साच्यात लावतात. 29 एप्रिल 2011 ला प्रिन्स विल्यमच्या लग्नात मुख्य केकसोबत त्याच्या आवडीचा म्हणून हाच चॉकलेट बिस्किट केक ठेवला होता, आणि तो मॅकव्हिटीज या बिस्किटवाल्या कंपनीने बनवला होता.

आपल्याकडे त्यासाठी सगळ्यात योग्य बिस्किट म्हणजे मारी. हे बिस्किट लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने 1874 मध्ये काढलं, रशियाची राजकन्या मारिया आणि इंग्लंडचा राजपुत्र यांच्या लग्नाच्या निमित्ताने, आणि मारी हे नाव तिच्यावरूनच पडलं. पोर्तुगालमध्ये मारी इतकी रुजली की तिथल्या कितीतरी गोड पदार्थांचा ती पाया झाली. गोव्यात मिळणारा सेराडुरा त्यातलाच: क्रीम-कंडेन्स्ड मिल्कचा एक थर, मारीच्या चुऱ्याचा एक थर. सेराडुरा म्हणजे लाकडाचा भुसा. चुरा खरोखर तसाच दिसतो. म्हणजे न भाजता, मारीच्या जिवावर उभं राहणारं गोड आपल्या शेजारी आधीपासून आहेच.

साहित्य

सात इंची गोल डबा किंवा साधारण आठ बाय चार इंची लांबट साचा भरेल एवढं हे माप आहे. दहा-बारा लहान तुकडे होतात, आणि तुकडे लहानच करायला हवेत, कारण केक भारी असतो.

मारी बिस्किटं 250 ग्रॅम
डार्क चॉकलेट 150 ग्रॅम
बटर 100 ग्रॅम
साखर 75 ग्रॅम
बिनसाखरेची कोको पावडर 30 ग्रॅम
दूध 100 मिली
अक्रोड 60 ग्रॅम
इन्स्टंट कॉफी 1 छोटा चमचा
व्हॅनिला इसेन्स 1 छोटा चमचा

वरच्या थरासाठी: डार्क चॉकलेट 100 ग्रॅम, पाकिटातलं फ्रेश क्रीम 60 मिली.

वजनाचा काटा असेल तर तो काढाच. वाटीच्या मापाने भाजी बिघडत नाही, पण इथे दूध 100 च्या जागी 150 मिली पडलं तर केक चमच्याने खावा लागतो.

आता एकेका वस्तूबद्दल. चॉकलेट घेताना पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ‘कोको बटर’ लिहिलं असेल तर ते खरं चॉकलेट. त्याऐवजी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात किंवा पुण्यात रविवार पेठेत केकच्या सामानाच्या दुकानात ‘कुकिंग चॉकलेट’ मागितलं की बऱ्याचदा कंपाउंडची लादी हातात पडते. ते स्वस्त असतं, वितळवायला सोपं असतं आणि उन्हाळ्यात टिकतंही जास्त. पण जिभेवर त्याचा मेणचट थर राहतो. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, आपलं तोंड 37 अंशांचं, म्हणून खरं चॉकलेट तोंडात ठेवताच विरघळतं. या केकची सगळी मजा त्या विरघळण्यात आहे. पैसे वाचवायचेच असतील तर वरचा थर कंपाउंडचा करा, आतलं चॉकलेट खरं ठेवा.

कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुधात घालून प्यायच्या पावडरीत साखरच जास्त असते. ती घातली तर केक गोडमिट्ट होतो आणि रंगही येत नाही.

बटर मिठाचं असलं तरी चालेल. 100 ग्रॅमची पिवळी वडी मिळते ती अख्खी वापरा आणि वेगळं मीठ घालू नका. बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ नक्की घाला, नाहीतर चॉकलेटची चव सपाट लागते. बटरऐवजी साजूक तूप घालावं का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. नको. तूप थंड झालं की रवाळ होतं आणि त्याचा वास चॉकलेटवर चढतो.

अक्रोड महाग वाटले तर भाजून सोललेले, अर्धे झालेले शेंगदाणे घाला. मला स्वतःला ते अक्रोडाइतकेच आवडतात. फक्त कूट करू नका.

बिस्किटाची तयारी

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि बहुतेक जण यालाच एका मिनिटात उरकतात.

आधी एक बिस्किट मोडून बघा. कट्‌ आवाज येऊन तुटलं पाहिजे. वाकून, लवून तुटलं तर ते सादळलेलं आहे. पावसाळ्यात नुकतं फोडलेलं पाकीटसुद्धा तासाभरात सादळतं. अशी बिस्किटं कोरड्या कढईत किंवा तव्यावर अगदी मंद आचेवर पाच-सहा मिनिटं उलटसुलट करा. रंग बदलायचा नाही, फक्त ओल उडवायची. गरम असताना ती मऊच वाटतील, घाबरू नका. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग पुन्हा मोडून बघा. मी हल्ली बारा महिने ही पायरी करते, कारण कोरडं बिस्किट मिश्रणात गेल्यावरही बराच वेळ तग धरतं.

अक्रोडही त्याच कढईत चार मिनिटं परतून घ्या.

आता तुकडे. मिक्सर नको, लाटणंही नको. हाताने एका बिस्किटाचे चार-पाच तुकडे करायचे, साधारण नखाएवढे. हे काम मुलांना द्या, ती मन लावून करतात. खाली जो चुरा पडतो तो चाळणीने वेगळा काढा आणि त्यातला तीन-चार चमचेच परत घाला. थोडा चुरा हवा, कारण तो तुकड्यांमधल्या फटी भरतो. जास्त झाला तर तो सगळं चॉकलेट पिऊन टाकतो आणि केक कापताना भुगा होतो.

साचा

मिश्रण तयार झाल्यावर डबा शोधायला वेळ नसतो, म्हणून साचा आधीच तयार ठेवा. केकचं भांडं नसेल तर उभ्या कडांचा स्टीलचा डबा उत्तम. आत बटर पेपर असा घाला की दोन्ही बाजूंना चार बोटं कागद बाहेर राहील. तेच कान धरून केक नंतर वर उचलायचा आहे. कागद सरकत असेल तर खाली बटरचं बोट फिरवा.

चॉकलेटचं मिश्रण

जाड बुडाच्या पातेल्यात आधी साखर, कोको आणि कॉफी कोरडीच एकत्र करा. कोकोच्या गुठळ्या इथेच चमच्याने मोडून टाका. दुधात पडल्यावर त्या मोडता मोडत नाहीत. आता थोडंसं दूध घालून गुळगुळीत लेप करा, मग उरलेलं दूध घाला. बटरचे तुकडे घालून पातेलं मंद आचेवर ठेवा.

सतत ढवळत राहा. बटर वितळेल, साखर विरघळेल, कडेने बुडबुडे येऊ लागतील. तिथून पुढे फक्त दोन मिनिटं. कोकोचा कच्चट, पिठूळ वास जाण्यासाठी एवढं शिजणं पुरेसं आहे. वड्या करणाऱ्या हाताला इथे मोह होतो पाक बघण्याचा, तार आली का ते तपासण्याचा. तो आवरा. वड्या साखरेच्या पाकावर घट्ट होतात, हा केक चॉकलेट आणि बटर गार झाल्यावर घट्ट होतो. इथे पाक पुढे गेला तर फ्रीजमधून निघेल ती चिक्की.

गॅस बंद करा. पातेलं ओट्यावर घ्या, मिनिटभर थांबा आणि मग बारीक चिरलेलं चॉकलेट घाला. दोन मिनिटं हात लावू नका. मग मधून बाहेर असं सावकाश ढवळा. पातेल्यातल्या उष्णतेवरच ते वितळतं, पुन्हा गॅसवर ठेवायची गरज नाही. चॉकलेट थेट आचेवर फार चटकन करपतं, आणि करपलेलं चॉकलेट कशानेच सावरत नाही. शेवटी व्हॅनिला.

या टप्प्यावर मिश्रण चकचकीत आणि इडलीच्या पिठाएवढं दाट दिसायला हवं.

कधी कधी वर तेल तरंगतं आणि खालचं मिश्रण खरखरीत होतं. बटर फुटलं, असं आपण म्हणतो. टाकून देऊ नका. एक चमचा कोमट दूध घाला आणि हाताच्या रवीने किंवा फेटणीने जोरात फेटा. लागलं तर अजून एक चमचा. दहापैकी नऊ वेळा ते पुन्हा एकजीव होतं.

गार कधी, गरम कधी

मिश्रण तयार झालं की लगेच बिस्किटं ओतायचा हात होतो. माझा पहिला केक त्यानेच बिघडला. गरम मिश्रणातलं दूध बिस्किट झटकन शोषून घेतं आणि दुसऱ्या दिवशी कापल्यावर तुकडे चहात बुडवून काढल्यासारखे मऊ लागतात. उलट मिश्रण पार गार झालं तर ते घट्ट होतं, तुकड्यांना नीट लपेटत नाही आणि आत पोकळ्या राहतात.

मिश्रणात करंगळी बुडवा. जेमतेम कोमट लागलं, चटका नाही आणि गारवाही नाही, की वेळ झाली. थंडीत याला दहा-बारा मिनिटं लागतात, मे महिन्यात वीस-पंचवीस. मधून मधून ढवळा म्हणजे वर साय धरत नाही.

मोठ्या परातीत बिस्किटं, चुरा आणि अक्रोड घ्या. त्यावर मिश्रण ओता आणि खालून वर उलथन्याने परतत मिसळा, फोडणीच्या पोह्यांना मिसळतो तसं, तुकडा न मोडता. प्रत्येक तुकड्यावर चॉकलेट चढलेलं दिसलं पाहिजे. कोरडा, फिकट तुकडा उरला तर तिथूनच केक तुटतो.

हे झाल्यावर मात्र रेंगाळू नका. मिश्रण चार भागांत साच्यात घाला आणि प्रत्येक भाग सपाट बुडाच्या वाटीने दाबून थापा. कोपऱ्यांत बोटांनी दाबा. बिस्किटाचा चुरा होईल एवढा जोर नको, पण हवा राहू नये. शेवटी डबा ओट्यावर चार-पाचदा आपटा. वर कागद झाकून, शक्य असेल तर एखादं छोटं वजन ठेवा. माझ्याकडे यासाठी खलबत्त्यातला बत्ता असतो, ताटलीवर आडवा.

फ्रीजमधला वेळ

कमीत कमी चार तास. रात्रभर ठेवला तर फारच छान. रात्री जेवणं उरकल्यावर करायचा आणि सकाळी कापायचा, असा हा पदार्थ आहे.

घाई असली तरी फ्रीझरमध्ये ठेवू नका. बाहेरचा भाग दगड होतो, मधला मऊच राहतो, आणि बाहेर काढल्यावर केकला घाम सुटतो. ते पाणी बिस्किटात उतरतं.

भारनियमनाच्या गावात लाइट गेली तर फ्रीजचं दार बंदच ठेवा. उघडझाप केली नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. केकला तेवढा पुरतो.

वरचा थर

केक घट्ट झाला की कागदाचे कान धरून बाहेर काढा, कागद सोला आणि केक पोळ्यांच्या जाळीवर ठेवा. खाली ताट. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंतच गरम करा. पाकिटातल्या क्रीममध्ये स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास असतो, ते खळाखळा उकळलं तर फुटतं. ते चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं झाका, मग ढवळा. जरा निवलं की केकच्या मधोमध एकदमच ओता आणि जाळी हलवून कडांवरून उतरू द्या. केक गार असल्यामुळे थर मिनिटभरात धरतो. मग सुरीने सारखा करत बसलात तर ओरखडे राहतात. वरून अक्रोडाचा चुरा, एवढीच सजावट मी करते. खाली ताटात सांडलेलं चॉकलेट मुलांचं.

हा थर नसला तरी केक पूर्ण लागतो.

कापणं आणि ठेवणं

केक फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबा. सुरी गरम पाण्यात बुडवा, कोरडी पुसा, एका दाबात खाली न्या. प्रत्येक तुकड्यानंतर पुन्हा पुसा. करवतीसारखी सुरी चालवली की बिस्किटं निखळतात.

घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस चांगला राहतो. बटर आजूबाजूचा वास पटकन ओढतं, तेव्हा चिरलेला कांदा किंवा लसणाची चटणी उघडी असेल तर केक कागदात गुंडाळूनच ठेवा. तिसऱ्या दिवसानंतर बिस्किट थोडं मऊ होतं. काहींना तो जास्त आवडतो.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो. तिथे हा केक बाहेर पंधरा मिनिटंही उभा राहत नाही. एका वाढदिवसाला मी तो दुपारी टेबलावर सजवून ठेवला होता, आणि मेणबत्त्या लावेपर्यंत कडा खाली बसल्या होत्या. उन्हाळ्यात ताटली आधी फ्रीजमध्ये गार करा आणि केक अगदी वाढताना काढा. दूध 100 ऐवजी 75 मिली घेतलं तरी फरक पडतो. प्रवासात न्यायचा असेल तर हिवाळ्याची वाट बघा.

चॉकलेट न मिळाल्यास

लहान गावात चांगलं डार्क चॉकलेट मिळत नाही. तिथे कंडेन्स्ड मिल्कवर करा: कंडेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम, बटर 100 ग्रॅम, कोको 45 ग्रॅम, दूध तीन मोठे चमचे, साखर अजिबात नाही. हे सगळं मंद आचेवर चार-पाच मिनिटं, मिश्रण पातेल्याच्या बुडाशी धरू न देता ढवळायचं, पळीवर जाड थर बसला की उतरवायचं. पुढची कृती तीच. हा केक जरा चिवट आणि दुधाळ लागतो, कॅडबरीच्या वळणाचा. लहान मुलांना बहुधा हाच आवडतो.

संत्र्यांचे दिवस असतील तर नागपुरी संत्र्याच्या सालीची फक्त वरची नारिंगी किस अर्धा चमचा मिश्रणात घाला, व्हॅनिला वगळा. पांढरा भाग आला तर कडवट होतं. काजू घालायचे असतील तर कोकणातले, भाजून, मोठे तुकडे करून.

तरीही बिघडला तर

सकाळी केक लिबलिबीत निघाला तर दूध जास्त झालंय किंवा चॉकलेट कमी. अजून 50 ग्रॅम चॉकलेट वितळवून कोमट करा, केक मोडून त्यात कालवा, पुन्हा थापा. बिस्किटं तोवर मऊ पडली असतील तर केकचा नाद सोडा आणि त्याच मिश्रणाचे लिंबाएवढे लाडू वळून कोकोत किंवा सुक्या खोबऱ्याच्या बारीक किसात घोळवा.

कापताना भुगा झाला तर बिस्किट किंवा चुरा जास्त पडला. दोन-तीन चमचे क्रीममध्ये थोडं चॉकलेट वितळवून त्या भुग्यात मिसळा आणि जोराने दाबून परत साच्यात भरा. दोन तासांनी तो कापण्याजोगा होतो.

आणि चार-पाच दिवसांनी वर पांढुरके पट्टे दिसले तर बुरशी समजून फेकण्याआधी नीट बघा. केसाळ, ठिपक्याठिपक्यांचं आणि कुबट वासाचं असेल तर ती बुरशी, फेकाच. राखेसारखा सपाट थर असेल आणि बोटाने चोळल्यावर जिरत असेल, तर ते वर आलेलं कोको बटर आहे. केक खुशाल खा.